अतूट म्हणून विकलेला बंध

ऑगस्ट २०२२ मध्ये दोन शोधनिबंध पाठोपाठ प्रसिद्ध झाले. पहिला होता स्टॉकहोम विद्यापीठातल्या इयन कझिन्स यांच्या गटाचा. अंटार्क्टिका असो वा तिबेटचं पठार, तिथल्या पावसातही एका कारखानी आम्लाचा अंश आहे, आणि तो अमेरिकेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेल्या पातळीपेक्षा जास्त आहे, असं त्यात दाखवलं होतं. दुसरा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ब्रिटनी ट्रँग या तरुण संशोधिकेने आणि तिचे मार्गदर्शक विल्यम डिक्टेल यांनी तेच आम्ल कॉस्टिक सोडा आणि एका साध्या द्रावकात घालून तापवलं. तापमान १२० अंश सेल्सिअस, म्हणजे भजी तळायच्या तेलापेक्षाही कमी. चोवीस तासांत त्या रेणूंचा चुरा झाला होता.

या रसायनांच्या कुळाला पीएफएएस म्हणतात. कार्बनची साखळी आणि तिच्यावर हायड्रोजनच्या जागी बसवलेला फ्लोरिन, एवढीच त्यांची ओळख. या कुळात हजारो संयुगं आहेत. न चिकटणारा तवा, डाग न धरणारा सोफा, पाणी न शोषणारं जॅकेट, विमानतळावर आग विझवणारा फेस, संगणकाच्या चिपवर नक्षी उमटवणारा लेप, या सगळ्यांत ती आहेत. निसर्गातला कुठलाही जिवाणू, सूर्यप्रकाश किंवा काळ त्यांना पुरता मोडू शकत नाही, म्हणून जग त्यांना ‘फॉरएव्हर केमिकल्स’ म्हणतं.

या कुळाचं सर्वांत प्रसिद्ध अपत्य १९३८ मध्ये हाती लागलं. घडवण्याची विद्या आणि सहज मोडण्याची विद्या यांच्यात चौऱ्याऐंशी वर्षांचं अंतर पडलं. त्या वर्षांत नेमकं काय झालं, हे समजून घेतलं पाहिजे. कारण मोडायची रीत ठाऊक नसलेला माल आपण आजही बनवतो आहोत.

बंध हाच माल

६ एप्रिल १९३८. न्यू जर्सीत ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या जॅक्सन प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षांचा रॉय प्लंकेट फ्रिजसाठी नवा वायू शोधत होता. त्यासाठी टेट्राफ्लुरोएथिलीन नावाचा वायू बनवून त्याने छोट्या नळकांड्यांत भरून कोरड्या बर्फात ठेवला होता. त्या सकाळी त्याच्या मदतनिसाने, जॅक रेबोकने, एका नळकांड्याची कळ उघडली, पण वायू बाहेर येईना. गळून गेला म्हणावा, तर वजन भरल्या नळकांड्याइतकंच. दोघांनी ते करवतीने कापलं. आतल्या भिंतीवर पांढरी, मेणासारखी गुळगुळीत भुकटी बसली होती. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या लांबच लांब साखळ्या झाल्या होत्या.

प्लंकेटने त्या भुकटीवर आम्लं ओतून पाहिली, अल्कली ओतून पाहिले, हाताशी असलेले द्रावक वापरून पाहिले. तिला कशाचंच काही होईना. ती विरघळेना, जळेना, कशाशी संयोग पावेना. पुढे हिलाच टेफ्लॉन हे नाव मिळालं.

या स्थैर्याचं मूळ एका बंधात आहे. फ्लोरिनचा अणू इलेक्ट्रॉनचा सर्वांत लोभी. कार्बनशी जोडला गेला की तो इलेक्ट्रॉन इतक्या जोराने आपल्याकडे खेचतो की दोघांमधला बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सर्वांत बळकट एकेरी बंधांपैकी एक ठरतो. तो तोडायला मोलमागे साधारण ४८५ किलोज्यूल ऊर्जा लागते. शिवाय फ्लोरिनचे अणू साखळीला सगळीकडून असे वेढून बसतात की बाहेरच्या रेणूला आतल्या कार्बनपर्यंत पोचायला वाटच उरत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या गुणाला लगेच गिऱ्हाईक दिलं. अणुबाँबसाठी युरेनियम वेगळं करताना युरेनियम हेक्साफ्लोराइड हा वायू वापरावा लागे, आणि तो गॅस्केटपासून वंगणापर्यंत सगळं खाऊन टाके. त्याला तोंड देणारे पदार्थ हवे होते. टेफ्लॉन कामी आलं. पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजमधले जोसेफ सायमन्स यांनी बनवलेले फ्लोरोकार्बन द्रवही अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पाच्या शास्त्रज्ञांपर्यंत पोचले. सायमन्स यांनी पुढे आणखी एक सोपी रीत काढली: निर्जल हायड्रोजन फ्लोराइडमध्ये सेंद्रिय पदार्थ घालून वीज सोडायची. विजेच्या जोरावर साखळीवरचा हायड्रोजन निघून त्या जागी फ्लोरिन बसतो. ही रीत मिनेसोटाच्या ३एम कंपनीने घेतली. १९५१ पासून ड्यूपाँ ३एमकडून पीएफओए नावाचं आठ कार्बनांचं आम्ल, पुढे पावसात सापडलेलं तेच, विकत घेऊ लागली, टेफ्लॉन बनवताना त्याचे कण पाण्यात नीट पसरून राहावेत म्हणून. ३एमचं दुसरं संयुग, पीएफओएस, याच कुळातल्या रसायनांसोबत कापडावरच्या ‘स्कॉचगार्ड’ फवाऱ्यामागे आणि आग विझवणाऱ्या फेसात शिरलं.

या रेणूंची रचना लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. शेपूट फ्लोरिनने मढवलेली, पाण्याला आणि तेलाला दोघांनाही दूर सारणारी. डोकं मात्र पाण्याशी सलगी करणारं: पीएफओएमध्ये कार्बोक्झिलचं, पीएफओएसमध्ये सल्फोनेटचं. ही शेपूट कधी मोडायची वेळ आली तर काय करायचं, हा प्रश्न त्या काळी मालाच्या यादीत कुठेच नव्हता. न मोडणं हाच तर माल होता.

रक्तातला फ्लोरिन

१९६७ च्या जुलैमध्ये व्हिएतनामजवळच्या समुद्रात ‘फॉरेस्टल’ या अमेरिकी विमानवाहू जहाजावर आग लागली. १३४ माणसं मेली. त्यानंतर पीएफएएस घातलेला फेस नौदलात, विमानतळांवर, तेलाच्या टाक्यांजवळ झपाट्याने पसरला. त्याने माणसं वाचवली, यात शंका नाही. पण दरवर्षीच्या सरावातही तोच फेस जमिनीवर ओतला गेला आणि खालच्या पाण्यात उतरला.

आगीच्या पुढच्याच वर्षी रॉचेस्टर विद्यापीठातले डोनाल्ड टेव्ह्ज यांना माणसाच्या रक्तात फ्लोरिनचा एक अनोखा प्रकार सापडला. साध्या फ्लोराइडसारखा तो वागत नव्हता. कुठल्या तरी सेंद्रिय रेणूला तो घट्ट बांधलेला होता. १९७६ मध्ये टेव्ह्ज, गाय आणि ब्रे यांनी मांडलं की हा रेणू पीएफओएसारखा दिसतो, आणि तो बहुधा घरगुती वापराच्या वस्तूंतून येत असावा. जनतेला हे समजायला आणखी पाव शतक जावं लागलं. ड्यूपाँच्या विषशास्त्रज्ञांनी मात्र १९६१ मध्येच प्राण्यांची यकृतं सुजलेली पाहिली होती आणि हे रसायन जपून हाताळा, असं आपल्या लोकांना बजावलं होतं.

वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ विल्बर टेनंट नावाचा शेतकरी गुरं पाळायचा. त्याच्या कुरणातून वाहणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला ड्यूपाँची कचराभूमी होती. ओढ्यावर फेस येऊ लागला, गुरं खंगून मरू लागली. गावातला कुठलाच वकील ड्यूपाँविरुद्ध उभा राहीना, तेव्हा टेनंटने मेलेल्या गुरांच्या व्हिडिओ कॅसेट उचलल्या आणि तो सिनसिनाटीला रॉब बिलॉट या वकिलाकडे गेला. बिलॉट तोवर रासायनिक कंपन्यांचीच बाजू मांडत आला होता. १९९९ मध्ये त्याने दावा लावला आणि कोर्टाकरवी कंपनीची लाखाहून अधिक पानांची कागदपत्रं मिळवली. पीएफओए हे नाव त्याला तिथे सापडलं. या लढ्यातून पुढे सुमारे ६९,००० लोकांच्या रक्ताची तपासणी झाली, आणि एका स्वतंत्र शास्त्रीय समितीने मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याचा दाह, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब या सहा आजारांशी पीएफओएचा संबंध मान्य केला.

मे २००० मध्ये ३एमने पीएफओएसचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी मिशिगन स्टेट विद्यापीठातले जॉन गीझी आणि तमिळनाडूत शिकलेले कुरुंतचलम कण्णन यांनी ध्रुवीय अस्वलांपासून अल्बट्रॉसपर्यंतच्या प्राण्यांत पीएफओएस दाखवून दिलं. कारखान्यापासून हजारो मैल दूर, जिथे हा माल कधी विकला गेला नाही, तिथेही ते पोचलं होतं.

मग रसायनशास्त्रज्ञांसमोर प्रश्न उभा राहिला. तो साठ वर्षं आधी विचारायला हवा होता: हे मोडायचं कसं?

गाळून पाहिलं, जाळून पाहिलं

पाणी शुद्ध करण्याच्या नेहमीच्या पद्धती इथे हरल्या. क्लोरीन हरला, ओझोनही हरला. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत तर उलटंच दिसलं: आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्यात पीएफओए जास्त! कुळातल्या मोठ्या रेणूंना जिवाणू अर्धवट मोडत आणि त्यातून न मोडणारं पीएफओए तयार होई.

हट्टी प्रदूषकांवर रसायनशास्त्रज्ञांचा एक हुकमी एक्का असतो, हायड्रॉक्सिल रॅडिकल. कीटकनाशक असो, रंग असो वा औषध, हा कण त्यातला हायड्रोजन हिसकावून घेतो आणि रेणू कोसळू लागतो. पीएफओएच्या शेपटीत हिसकवायला हायड्रोजनच नाही.

कोळशाच्या गाळणीत आणि आयन-विनिमय रेझिनमध्ये ही रसायनं अडकतात. बहुतेक गावांनी तेच केलं आणि अजूनही करतात. पण गाळणीत रेणू मोडत नाही, त्याची फक्त जागा बदलते. वापरलेला कोळसा कुठे तरी टाकावाच लागतो आणि तिथे पाऊस पडतोच.

उरला अग्नी. न्यूयॉर्क राज्यातल्या कोहोज गावच्या भट्टीत २०१८–१९ मध्ये लष्कराचा जुना फेस जाळला गेला. भट्टीत तापमान पुरेसं नसेल तर रेणू अर्धवट जळतो आणि त्याचे फ्लोरिनयुक्त तुकडे धुराड्यातून गावावर उतरतात. या कुळातला सर्वांत छोटा आणि सर्वांत चिवट तुकडा, कार्बन टेट्राफ्लोराइड, मोडायला १४०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. गावकऱ्यांनी ओरड केली आणि २०२० मध्ये राज्याने कायदा करून तिथे फेस जाळणं बंद पाडलं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यालाही जाळणं थांबवावं लागलं.

त्सुकुबातला दिवा

खरी वाट सापडली जपानमध्ये. त्सुकुबा शहरातल्या राष्ट्रीय औद्योगिक संशोधन संस्थेत हिसाओ होरी आणि त्यांचे सहकारी २००० नंतरच्या काही वर्षांत चिकाटीने याच एका कामाला लागले. २००४ मध्ये त्यांनी टंगस्टनयुक्त उत्प्रेरक आणि अतिनील प्रकाश वापरून पीएफओए मोडून दाखवलं. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी सोपं द्रव्य घेतलं, परसल्फेट. टेफ्लॉनच्या कारखान्यातून निघणाऱ्या पाण्याइतकं दाट पीएफओएचं द्रावण, त्यात परसल्फेट आणि वर २०० वॅटचा झेनॉन-मर्क्युरी दिवा. चार तासांनी पीएफओए पूर्ण नाहीसं झालं होतं.

इथे जे घडतं ते नीट पाहण्यासारखं आहे. प्रकाशाने परसल्फेटचे दोन तुकडे होतात. त्यातला प्रत्येक तुकडा पीएफओएच्या डोक्यातला एक इलेक्ट्रॉन काढून घेतो. डोकं कार्बन डायऑक्साइड होऊन निसटतं आणि शेपटीचं टोक उघडं पडतं. त्या टोकाला पाण्यातून ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी येऊन बसते. एकाच कार्बनवर ही जोडी आणि फ्लोरिन सुखाने नांदू शकत नाहीत. हायड्रोजन फ्लोराइड आपोआप सुटतो. पाण्याशी आणखी एकदा संयोग झाला की पुन्हा तसंच आम्ल तयार होतं, फक्त एका कार्बनने आखूड. मग तेच चक्र पुन्हा सुरू. आठाचे सात, साताचे सहा.

कार्बन-फ्लोरिन बंधावर कुणी घण घातला नाही. बंधाच्या शेजारची परिस्थिती अशी बदलली की त्याला टिकून राहणंच अशक्य झालं. साठ वर्षं जो गुण अजिंक्य वाटत होता, त्याला वळसा घालून जाणारी वाट रेणूच्या डोक्याकडून जात होती.

पण या वाटेवर दोन अडचणी होत्या. एक, आखूड होत गेलेला रेणू अखेरीस ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्लाशी येऊन अडखळतो, आणि तेही निसर्गात मोडत नाही. दुसरी, पीएफओएसचं सल्फोनेटचं डोकं असं सहज निघत नाही. होरींच्या गटाने २००६ मध्ये पीएफओएससाठी वेगळी युक्ती केली: बंद भांड्यात पाणी, लोखंडाची भुकटी आणि ३५० अंश उष्णता. सहा तासांनी पीएफओएस मोजता येण्याजोगं उरलं नाही. चिप बनवणाऱ्या कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या एका लेपावरही त्यांनी हीच रीत चालवून पाहिली.

२००५ मध्येच जपानमध्ये हिरोशी मोरिवाकी यांच्या गटाने आवाजाची वाट धरली. पाण्यात अल्ट्रासाउंड सोडला की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, फुगतात आणि क्षणार्धात चिरडतात. चिरडताना बुडबुड्याच्या पोटात काही हजार अंशांची उष्णता निर्माण होते, पण ती इतक्या कमी वेळासाठी आणि इतक्या छोट्या जागेत की भोवतालचं पाणी हाताला कोमटच लागावं. पीएफएएसचा स्वभाव असा की ती पाणी आणि हवा यांच्या सीमेवरच जाऊन बसतात, शेपूट हवेत आणि डोकं पाण्यात. म्हणजे ती स्वतःहून बुडबुड्याच्या तप्त भिंतीवर जाऊन उभी राहतात. ज्या गुणासाठी त्यांना फेसात घातलं, तोच गुण त्यांना आगीच्या तोंडी देतो. पुढे कॅलटेकमध्ये मायकेल हॉफमन यांच्या गटाने या पद्धतीचा कस जमिनीखालून काढलेल्या दूषित पाण्यावर लावला.

दाब, हिरा आणि गोळे

नंतरच्या पंधरा वर्षांत वाटा वाढत गेल्या. ३७४ अंश आणि २२१ बार दाबापलीकडे पाणी धड द्रवही राहत नाही आणि धड वाफही. त्या अवस्थेत ऑक्सिजन त्यात सहज मिसळतो आणि सेंद्रिय पदार्थ काही सेकंदांत जळून जातात, तेही पाण्यातच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तीन वेगवेगळ्या यंत्रांत आग विझवणारा फेस घालून पाहिला. तिन्हींत तपासलेली पीएफएएस ९९ टक्क्यांहून अधिक कमी झाली. अडचण यंत्राची आहे. मोकळा झालेला फ्लोरिन तप्त आम्ल बनून पोलाद खातो आणि क्षार नळ्यांत साचतात.

कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधले टिमथी स्ट्रॅथमन यांनी २०१९ मध्ये त्याच घराण्यातली जरा सौम्य रीत मांडली: ३५० अंशांचं दाबाखालचं पाणी आणि त्यात भरपूर कॉस्टिक सोडा. पीएफओएसही यात मोडतं, आणि सुटलेला फ्लोरिन आम्ल न होता सोडियम फ्लोराइड होऊन बसतो.

कुणी बोरॉन मिसळलेल्या कृत्रिम हिऱ्याचे इलेक्ट्रोड पाण्यात बुडवून वीज सोडली. या इलेक्ट्रोडवर डोक्यातला इलेक्ट्रॉन सरळ खेचून घेता येतो. कुणी उलट दिशेने गेलं. सल्फाइट मिसळलेल्या पाण्यावर अतिनील प्रकाश टाकला की पाण्यात मोकळे इलेक्ट्रॉन सुटतात. हायड्रॉक्सिल रॅडिकल घेणारा असतो, हा देणारा, आणि फ्लोरिनला इलेक्ट्रॉनची भूक सर्वांत मोठी. इलेक्ट्रॉन मिळाला की तो फ्लोराइड आयन होऊन साखळी सोडतो.

बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये द्रावणच टाळलं. त्यांनी पीएफओए, पीएफओएस आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडची भुकटी धातूच्या गोळ्यांसोबत बॉल मिलमध्ये घालून दळली. गोळ्यांच्या धडकांची ऊर्जा आणि अल्कली मिळून रेणू मोडले आणि फ्लोरिन पोटॅशियम फ्लोराइडमध्ये उतरला. दूषित मातीसाठी आणि वापरलेल्या कोळशासाठी ही वाट मोलाची ठरू शकते.

डोकं आधी

नॉर्थवेस्टर्नमध्ये ट्रँग आणि डिक्टेल यांनी डीएमएसओ हा द्रावक निवडला. त्यात थोडं पाणी आणि कॉस्टिक सोडा, आणि मिश्रण ८० ते १२० अंशांपर्यंत तापवलं. डीएमएसओमध्ये कार्बोक्झिलचं डोकं ऋण आयनासारखं उघडं राहतं, पाण्यासारखा त्याला सांभाळणारा वेढा पडत नाही. उष्णतेने ते डोकं गळून पडतं आणि शेपटीच्या टोकाशी ऋणभार उरतो. तो भार फ्लोरिनला बाहेर ढकलतो, तिथे दुहेरी बंध होतो, त्या दुहेरी बंधावर कॉस्टिक सोडा तुटून पडतो, आणखी फ्लोरिन सुटतो. पोत्याच्या तोंडाची शिवण असते ना, तिचा नेमका दोरा हाती लागला की सगळी शिवण एका ओढीत उसवते, आणि चुकीचा दोरा ओढला तर गाठ आणखी घट्ट होते. नेमका दोरा डोक्याशी होता.

चोवीस तासांत ७८ पासून जवळजवळ १०० टक्क्यांपर्यंत फ्लोरिन साध्या फ्लोराइडच्या रूपात सुटला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले केन हाउक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर गणित मांडून पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली: या रीतीत साखळी एकेका कार्बनने आखूड होते, ही जुनी समजूत लागूच पडत नव्हती, ती मोठ्या तुकड्यांनी ढासळत होती. पीएफओएसकट कार्बोक्झिलचं डोकं नसलेल्या रेणूंना ही रीत लागू पडत नाही, आणि हे संशोधकांनी स्वतःच स्पष्ट लिहिलं. तरीही या निबंधाने एक समज मोडला: अतिशय चिवट रेणू मोडायला अतिशय उग्र परिस्थिती लागतेच असं नाही. आधी त्याची रचना वाचावी लागते.

त्यानंतर गती वाढली. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये चीनमधल्या आणि कोलोरॅडोमधल्या दोन गटांनी प्रकाशाच्या मदतीने हे बंध सौम्य तापमानात सोडवून दाखवले, चिनी गटाने तर टेफ्लॉनवरही हात घातला. २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या व्हेरोनिक गुव्हर्नर यांच्या गटाने बॉल मिलमध्ये पोटॅशियम फॉस्फेट घालून पीएफएएस दळलं आणि त्यातला फ्लोरिन नव्या रसायनांसाठी पुन्हा वापरता येईल अशा रूपात परत मिळवला. सुटलेल्या फ्लोराइडवर चुना टाकला की कॅल्शियम फ्लोराइड मिळतं. खाणीतून निघणारं फ्लोरस्पार हे खनिज रासायनिकदृष्ट्या हेच, आणि टेफ्लॉनपासून स्कॉचगार्डपर्यंतचा सगळा फ्लोरिन त्यातूनच आला होता.

पाऊस कोण गोळा करणार?

या यशाने हुरळून जाण्याआधी एक हिशेब करावा. होरींच्या प्रयोगातलं द्रावण लिटरमागे अर्ध्या ग्रॅमहून जरा जास्त पीएफओएचं होतं. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा घातली ती लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची. दोन्हींत चौदा कोटी पटींचा फरक आहे. एवढ्या विरळ पाण्यातून एकेक रेणू शोधून मोडायचा तर पाणी तापवण्यात आणि दाबण्यातच गावाची वीज संपेल. म्हणून या सगळ्या रीती लागू पडतात त्या गोळा केलेल्या मालावर: वापरलेला कोळसा, दाट केलेलं सांडपाणी, लष्कराच्या गोदामांतला फेस, कारखान्याच्या नळीच्या तोंडाशी असलेलं पाणी. तिबेटच्या पठारावर पडणाऱ्या पावसापर्यंत यातली एकही रीत पोचत नाही आणि पोचणारही नाही. एकदा सुटलेलं पीएफएएस रसायनशास्त्राच्या हाताबाहेर गेलेलं असतं. त्याला अडवायची जागा कारखान्याच्या कुंपणाच्या आत आहे.

आपल्यासाठी हा प्रश्न दूरदेशीचा नाही. इटलीतल्या त्रिस्सिनो गावी मितेनी नावाची पीएफएएस बनवणारी कंपनी होती. तिच्यामुळे व्हेनेतो प्रांतात सुमारे साडेतीन लाख लोकांचं पाणी दूषित झालं. त्या भागातल्या आया आपल्या मुलांच्या रक्ताचे अहवाल घेऊन रस्त्यावर उतरल्या. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोर झाली, आणि जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने अकरा जणांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. मधल्या काळात मितेनीची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेतली आणि जहाजाने रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली.

यंत्र दोषी नसतं, आणि ते चालवणाऱ्यावर पुराव्याशिवाय आरोप करणंही योग्य नाही. पण लोट्याचं सांडपाणी दाभोळ खाडीकडे जातं. त्या खाडीतल्या मच्छीमारांनी मेलेली मासळी हातात घेऊन दशकानुदशकं तक्रारी केल्या आहेत. भारताच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात पीएफएएससाठी मर्यादा नाही. मर्यादा नाही म्हणून मोजणी नाही, आणि मोजणी नाही म्हणून प्रश्नच उभा राहत नाही. पार्कर्सबर्गमध्ये नेमकं हेच होतं. तिथे चाळीस वर्षं सरकारने काही मोजलं नाही, आणि टेनंटची गुरं मेली तेव्हा त्यांचे पुरावे एका शेतकऱ्याच्या व्हिडिओ कॅसेटमध्येच होते.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या अंतराचा अर्थ मला असा दिसतो. मोडण्याची रीत फार अवघड होती म्हणून सापडायला उशीर झाला, असं नाही. कॉस्टिक सोडा १९३८ मध्येही होता आणि चुनाही होता. डीएमएसओचा शोध तर एकोणिसाव्या शतकातला. गरज नाही असं ज्यांनी ठरवलं त्यांनी शोधलंच नाही. आणि ज्यांनी शोधलं त्यांना तो प्रश्न दुसऱ्यांच्या रक्तातून उचलावा लागला. ३एमने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पाणीपुरवठा संस्थांना किमान १०.३ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. ट्रँगच्या प्रयोगासारखे प्रयोग साठ वर्षं आधी करायला त्याचा अगदी छोटा हिस्सा पुरला असता.

म्हणून लोट्यात असो, महाडला असो किंवा गुजरातेतल्या दहेजला, फ्लोरिनच्या रसायनाचा परवाना मागणाऱ्याला एकच साधी अट घालावी. माल बनवायची रीत जशी कागदावर मांडता, तशीच तो मोडायची रीतही मांडा. ती कारखान्याच्या आत चालवून दाखवा. नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची मोजणी गावाच्या हाती द्या. अशी अट आता अव्यवहार्य म्हणता येणार नाही, कारण ती पूर्ण करण्याचं रसायनशास्त्र आज आपल्याकडे आहे.